सहाव्या ग्रीनचे शिकलगार

बाबालालचाचांनी उभ्या जन्मात गोल्फची काठी हातात धरली नाही. चेंडू धरला असेल तर तो गवत कापायच्या मशिनच्या पात्यात अडकलेला काढण्यापुरता. तरीही कोकणातल्या एका समुद्रकाठच्या गोल्फ क्लबचा इतिहास लिहायची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मला शेवटी त्यांच्यापाशीच जाऊन बसावं लागलं. आणि ते भेटायचे कुठे, तर घाटाच्या या बाजूला, सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये. समुद्र तिथून दिवसभराच्या एसटीवर.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते संदीपमुळे. संदीप माझा सांगलीच्या कॉलेजातला विद्यार्थी. इतिहासात कसाबसा काठावर पास झालेला हा मुलगा पुढे त्या क्लबचा सेक्रेटरी झाला, आणि क्लबच्या जुन्या दिवसांचं पुस्तक काढायचं ठरल्यावर त्याला इतिहासाच्या बाई आठवल्या. तुम्ही रिटायर झालात, आता वेळच वेळ असेल, असं तो म्हणाला. निवृत्त बाईला वेळ असतो हा गैरसमज जगातून कधी जाणार कोण जाणे. गोल्फबद्दल तर माझं मत फारच वाईट होतं. भरल्या पोटाच्या माणसांनी उन्हात हिंडायला शोधलेली सबब, एवढंच मला त्यात दिसायचं. पण राहायला समुद्राकडची खोली आणि दोन्ही वेळा मासे मिळणार होते. मी हो म्हटलं.

क्लब म्हणजे समुद्राकडे उतरत गेलेला जांभ्या खडकाचा तांबडा सडा. एकूण नऊ होल, म्हणजे चेंडू घालायचे खळगे. त्यातले आठ वर सड्यावर आणि सहावा एकटा खाली, अगदी पाण्याला लागून. होलभोवती बारीक कापलेल्या गवताचा जो गुळगुळीत तुकडा असतो त्याला ग्रीन म्हणतात, हे मला पहिल्या दिवशी कळलं. क्लबची जुनी कागदपत्रं वाळवीने कधीच वाचून संपवली होती. उरला होता कॅप्टन लोकांच्या नावांचा सोनेरी अक्षरांतला फळा आणि एक फोटो. फोटोत अकरा गोरे साहेब, एक कुत्रा आणि मागे उभे चार माळी. साहेबांची नावं खाली छापली होती, कुत्र्याचंही होतं. माळ्यांची नव्हती.

त्यावरून मी संदीपला बरंच बोलले. त्याने निमूट ऐकून घेतलं आणि सांगितलं की जुनं काही हवं असेल तर कुपवाडच्या बाबालाल शिकलगारांना भेटा, आमची गवत कापायची मशिनं चाळीसएक वर्षं तेच नीट करतात. मग जाता जाता तो म्हणाला की सहाव्या होलबद्दल जरा भावुक लिहा. मे महिन्यातल्या वादळात समुद्र त्याच्यावर चढला होता आणि खाऱ्या पाण्याने ते ग्रीन पार जळून गेलं होतं. आता तो होल बंद करून तिथे समुद्राकडे तोंड केलेलं हॉटेल बांधायचं घाटत होतं. थोडक्यात, मला मृत्युलेख लिहायचा होता.

पहिल्या भेटीत चाचा एका मशिनपुढे उकिडवे बसले होते. उंच, हडकुळे, सत्तरी ओलांडलेले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी नाव सांगितलं, काम सांगितलं आणि क्लबच्या अध्यक्षांनी दिलेलं पत्र पुढे केलं. त्यांनी ते नीट वाचलं, मान डोलावली, पत्राच्या खालच्या कोऱ्या भागाची एक लांब पट्टी फाडली, ती पात्यांत धरली आणि हाताने मशिन हळूच फिरवलं. पट्टी कचकन तुटली.

"कागद झकास हाय," ते म्हणाले. "पर जाड कागद कुनीबी कापतंय. आता पेपरचा बगू."

मग वर्तमानपत्राची पट्टी घेऊन त्यांनी पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाबोटावर कापून पाहिलं. एका जागी कागद तुटायच्या ऐवजी मुडपला. तेवढ्यासाठी अर्धा तास गेला. ते पत्र मी पुस्तकाच्या शेवटी छापणार होते. अध्यक्षांची सही वाचली, एवढंच माझं नशीब.

काम झाल्यावर मी वही उघडली आणि बोलण्याच्या ओघात सहावा होल बंद होतोय असं म्हणाले. मला वाटलं त्यांना ठाऊक असेल. हात पुसता पुसता ते थांबले. वादळाचं त्यांना कळलं होतं, पण त्यानंतर क्लबकडून कुणी बोलावलं नव्हतं.

"कोन म्हनतं बंद करायचा?"

मी सांगितलं.

"त्येंना म्हनावं, आदी मला इचारा." एवढंच बोलून त्यांनी आतून चहा मागवला. चहा येईपर्यंत ते शेडच्या मागच्या दाराकडे बघत बसले. माझ्या पुस्तकातलं एक पान या माणसाच्या जिवाशी बांधलेलं आहे हे मला तेव्हाच कळून चुकलं.

त्यानंतर महिनाभर मी दर दोन-तीन दिवसांनी कुपवाडला जात होते. शुक्रवारी दुपारी शेड बंद, बाकी कधीही या, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. त्यांच्या बोलण्याला एक गोष्ट आडवी यायची, ती म्हणजे बोथट वस्तू. बोथट काही दिसलं की त्यांना दुसरं सुचत नसे. एकदा मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. जाता येता त्यांची नजर स्वयंपाकघरातल्या विळीवर पडली आणि माझं सगळं आदरातिथ्य फुकट गेलं. विळीला धार लावून होईपर्यंत ते पानावर बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या सुनेने कांदा चिरताना बोट कापून घेतलं. मी हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि नवी धार असली की दोन दिवस जपून वापरावं, असा निरोप सुनेला पाठवला.

घाईचा त्यांना तिटकारा होता. सहाणेवर पोलाद घाईने दाबलं की तापून निळं पडतं आणि निळं पडलं की त्याचा कस जातो, हे त्यांचं शास्त्र. ते त्यांनी सगळ्या जगाला लावलं होतं. दारात कुणी गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभं राहिलं की ते मान वर न करता म्हणायचे, "निळं पडंल रं गड्या." नातवाच्या लग्नाची बोलणी आठवडाभरात उरकायला निघालेल्या मुलालाही त्यांनी तेच ऐकवलं होतं. पुढे पुढे मला घरी कुकरच्या शिट्टीची वाट बघतानाही ते शब्द आठवायला लागले.

ते क्लबला कसे चिकटले ती हकीकत त्यांनी मला तुकड्या-तुकड्याने सांगितली. शिकलगार म्हणजे पिढीजात धारवाले. वडील चाक खांद्यावर टाकून तासगाव, मिरज, कवठ्याच्या बाजारात सुऱ्या-कात्र्यांना धार लावत हिंडायचे. चाचांनी कुपवाडला शेड टाकली आणि ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावण्यात नाव कमावलं. ते नाव ऐकून एके दिवशी एक गृहस्थ पोत्यात गुंडाळलेली पाती घेऊन आले. हे कदम हवालदार, पाटणकडचे. फौजेतून निवृत्त होऊन त्या गोल्फ क्लबवर मुख्य माळी झालेले. मुंबईच्या एजंटाने जुनं मशिन भंगारात टाका, नवं घ्या असं सांगितलं होतं आणि हवालदारांना ते पटलं नव्हतं.

चाचांनी जीव ओतून काम केलं. एकेका पात्याला कोयत्यासारखी धार लावली, मनगटावरचा केस उडेल अशी. हवालदार खूश होऊन गेले. आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं, ताबडतोब निघून येणे. चाचा एसटीने गेले. बघतात तर सहाव्या ग्रीनवर शेळ्या चरून गेल्यासारखं गवत ओरबाडलेलं, आणि पात्यांची ती पातळ धार जागोजाग वळून पडलेली. गोल्फच्या मशिनमध्ये फिरत्या पात्यांच्या खाली एक स्थिर पट्टी असते आणि गवत त्या दोहोंच्या मध्ये कात्रीसारखं कापलं जातं. एकट्या पात्याला कितीही धार लावा, पट्टीशी त्याची गाठ नीट पडली नाही तर गवत कापलं न जाता फाटतं. हे कोयतेवाल्या शिकलगाराला कुठून माहीत असणार?

हवालदार रागावले नाहीत. त्यांनी चाचांना गुडघ्यांवर बसवलं आणि सबंध ग्रीनवर तळहात फिरवत पुढे सरकायला लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच नेलं. फाटलेल्या प्रत्येक पानाचं टोक पांढरं पडलं होतं.

"हवालदार म्हनले, बग बाबालाल, ह्यातलं एकेक पान तुज्या नावानं पांढरं झालंय." हे सांगताना चाचा अजूनही खाली बघायचे. "बाई, मला बानं कवा मारलं न्हाई इतकं ते लागलं. म्या पंदरा दिवस तितंच ऱ्हायलो. मग कळलं. कोयत्याची धार त्याची एकट्याची असती. ह्याची धार दोघांत असती. एक लय शाना झाला की दुसऱ्याचं वाटोळं."

त्या पंधरा दिवसांत हवालदारांनी त्यांना ग्रीनची जन्मकथा सांगितली, आणि ती ऐकल्यावर माझ्या पुस्तकाला पहिल्यांदा बूड आलं. पूर्वी त्या क्लबवर ग्रीन नव्हतीच. होलभोवती वाळू पसरून तिच्यावर इंजिनाचं जळकं तेल शिंपडायचे आणि रूळ फिरवायचे. त्याला ब्राऊन म्हणत. साहेबांच्या पांढऱ्या विजारी काळ्या होत. हवालदारांना सहाव्या होलखालच्या बांधावर एक बारीक पानाची हरळी दिसली. खारा वारा खाऊनही ती हिरवीगार होती आणि जमिनीला चिकटून वाढत होती. पावसाळ्यात क्लब बंद असताना त्यांनी कुणाला न विचारता ती काडी काडी करून सहाव्या होलभोवती लावली. पावसाळ्यानंतर मंडळी खेळायला आली तर आठ ब्राऊन आणि एक हिरवंगार. त्या सहाव्यातूनच पुढे बाकीची आठ झाली. नंतर नव्या कमिटीने वरची आठही उखडून बाहेरून विकत आणलेलं गवत लावलं. खाली सहाव्यापर्यंत त्यांचे पैसे पोचले नाहीत, म्हणून तेवढं एक हवालदारांच्या हातचं राहिलं होतं.

तेच आता वादळात गेलं होतं.

मी म्हटलं, हे सगळं खरं कशावरून? पेशाच तसा आमचा, पुरावा मागितल्याशिवाय घास उतरत नाही. चाचा उठले आणि फळीवरून बिस्किटांचे नऊ पत्र्याचे डबे काढून माझ्यापुढे मांडले. प्रत्येकावर रंगाने आकडा घातलेला. गवत कापताना जमिनीतून जे जे वर येऊन पात्याला लागलं किंवा माळ्यांना खणताना सापडलं, ते ते मशिनसोबत कुपवाडला यायचं, आणि चाचा विचारून घ्यायचे की हे कुठल्या होलवर सापडलं. चाळीस वर्षांचा तो सगळा ऐवज त्या डब्यांत होता. पहिल्या डब्यात नालांचे गंजके खिळे, म्हणजे क्लबच्या आधी तिथे घोडे फिरवत असावेत. आठव्यात पितळी बटणं. तिसरा डबा उघडला तर कौलांचे तुकडे, एक फुटका खलबत्ता आणि चुलीचा काळा पडलेला दगड.

"हितं कुनाची तर घरं हुती," चाचा म्हणाले. "उठवली असतील."

क्लबच्या फळ्यावर, कॅप्टनांच्या नावांच्या वर लिहिलं होतं की ओसाड माळावर हे मैदान उभं राहिलं. मी तो दगड हातात घेतला. पस्तीस वर्षं मी मुलांना इतिहासाची साधनं शिकवली आणि माझ्या हयातीत एकही नवं साधन माझ्या हाती आलं नव्हतं. मी चाचांना म्हटलं, आमच्यात याला पुरातत्त्व म्हणतात. ते म्हणाले, "आमच्यात पात्याला पडल्याला खांडा म्हनत्यात." सहाव्या डब्यात नुसते शिंपले होते, जुने, पांढरे, कुसकरत आलेले.

शेडच्या मागच्या दाराकडे ते का बघत बसतात, तेही एकदाचं कळलं. मागे चार खोल्या बसतील एवढी जागा होती आणि त्यात त्यांनी हरळी वाढवलेली होती. धार लावलेलं मशिन कागदावर पास झालं तरी गवतावर चालवून बघितल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यासाठी हवालदारांकडून फार वर्षांपूर्वी सहाव्या ग्रीनच्या गवताची दोन पोती आणून त्यांनी ती इथे लावली होती. आमच्या भागात हरळी म्हणजे शेतकऱ्याचा दुष्मन. उसाच्या सरीत शिरली की पिढ्या जातात, ती जात नाही. ती हा माणूस पाणी घालून पोसतो, वर दर दोन दिवसांनी हजामत केल्यासारखी कापतो, ही पंचक्रोशीतली करमणूक होती. शेजारचे एक बागायतदार मला म्हणाले, "बाई, आमी हरळी खनता खनता म्हातारं झालो, आन् ह्यो बाबा तिला आंघोळ घालतोय. काय बोलायचं?" चाचींचा तर रोजचा तगादा असायचा की त्या जागेत भाडेकरू ठेवले असते तर आज गल्ल्यात काही पडलं असतं.

जूनच्या अखेरीस क्लबच्या कमिटीची सभा होती. चाचांनी मला तिथे घेऊन चला म्हटलं. धुतलेला पांढरा सदरा, त्याला कडक इस्त्री, आणि काखेत सहाव्या होलचा डबा. सभेत त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. हॉटेलचा नकाशा टेबलावर पसरलेला होता. एका सभासदाने समजावून सांगितलं की काका, जमिनीत मीठ मुरलंय, तिथे आता काही उगवणार नाही. चाचांनी डब्याचं झाकण काढलं आणि शिंपले त्या नकाशावर ओतले.

"ही शिंपली म्या समुद्रावर येचलेली न्हाईत. तुमच्या सहाव्याच्या मातीतनं वर आलेली हायत, दोन ईत खालनं. म्हंजे समुद्र तितं आदी बी येऊन गेलाय, सायेब. आन् हवालदारानं गवत लावलं ते त्येच्यानंतर."

मग अध्यक्ष म्हणाले, मान्य आहे, पण ते जुनं गवत आता आणायचं कुठून?

"माज्याकडं हाय."

त्यांनी मागितलं ते एवढंच, एक पावसाळा. दिवाळीनंतरच्या वार्षिक स्पर्धेला सहावं ग्रीन तयार असेल. नसलं तर मी स्वतः येऊन तिथला झेंडा उपटीन आणि तुमच्या हॉटेलाचा पाया खणू लागेन, असं ते म्हणाले. आवाज जरासुद्धा चढला नव्हता. संदीप माझ्याकडे बघत होता. मी त्याला नजरेनेच दटावलं, जशी वर्गात दटावायचे, आणि त्याने हात वर केला. बाकीचे हात एकेक करून वर आले. कितीतरी मान्यवरांची भाषणं मी ऐकली आहेत, पण त्या दिवशी आपल्या सांगलीच्या माणसाबरोबर मी त्या खोलीत आहे याचा मला जो अभिमान वाटला, तसा कधी वाटला नव्हता.

गवत काढायच्या दिवशी मी कुपवाडला गेले. चाचांनी एक कोपरा बियाण्यापुरता ठेवून बाकी सगळी जागा उकरली. ओल्या पोत्यांत मुळं बांधून टेम्पो भरला. मागे नुसती काळी माती राहिली. वर्षानुवर्षं त्या गवताच्या नावाने बोटं मोडणाऱ्या चाची दारात उभ्या होत्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मग रागानेच विचारलं, "आता सकाळी उटून म्या काय बगायचं?" चाचांनी टेम्पोवरचं एक पोतं सारखं केलं.

कऱ्हाडवरून आम्ही कुंभार्ली घाटाकडे निघालो. पाटणला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी मला डोंगराकडचं एक गाव दाखवलं. कदम हवालदार तिथले. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण घर होतं, मुलं होती. मी म्हटलं, जाऊन येऊ ना, किती वेळ लागणार? त्यांनी गावाकडे बघत चहा संपवला. "नगं. गवत पोत्यात तापंल. हवालदारच शिव्या देतील."

सहाव्यावर काम करायला क्लबचे माळी होते, तरी चाचांनी मलाही बसवलं. आधी पावसाने आणि विहिरीच्या गोड्या पाण्याने जमीन दिवसचे दिवस धुऊन काढली होती. मग वितीवर एकेक काडी लावत जायचं. मी एक अख्खी ओळ लावली आणि कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्या मागून आले, ओळ न बोलता उपटली आणि पुन्हा सरळ लावली. संदीप पलीकडे तोंड करून हसत होता. त्याला इतिहासात मी उगाच पास केलं.

ऑगस्टमध्ये सगळं हिरवं झालं आणि सप्टेंबरात एक कोपरा पिवळा पडायला लागला. संदीपचा फोन आला की कमिटीत कुजबुज सुरू झाली आहे, हॉटेलवाला पुन्हा येऊन गेला. चाचा त्याच दिवशी निघाले. त्यांचे पाय तेव्हा सुजायला लागले होते, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, मला चाचींनी सांगितलं. त्या कोपऱ्यात भरतीचं पाणी जमिनीखालून झिरपत होतं. चाचांनी तीन आठवडे तिथे राहून पाणी काढायला चर खणून त्यात दगडगोटे भरून घेतले आणि तो कोपरा नव्याने लावला. स्पर्धेला महिना उरलेला, माळी घायकुतीला आलेले. त्यांना चाचा शांतपणे सांगत होते की घाई करू नका, निळं पडंल. कोकणातल्या त्या पोरांना त्याचा अर्थ काय कळला असेल ते असो, पण ती हळू काम करायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले. पुस्तक छापून आलं ते त्यांनी पाहिलं नाही. त्यात तिसऱ्या होलखालची घरं आहेत, कदम हवालदार आहेत, आणि सहाव्या ग्रीनला एक सबंध प्रकरण आहे. फळ्यावरचा 'ओसाड माळ' क्लबने माझ्या सांगण्यावरून पुसला, हीही गोष्ट मी नोंदवून ठेवते. माझ्या नावावर दोन पाठ्यपुस्तकं आहेत, पण कुणी विचारलं तर मी हेच पुस्तक काढून दाखवते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या स्पर्धेच्या दिवशी. आदल्या दिवशी त्यांनी स्वतः मशिन चालवून ग्रीन कापलं होतं. त्या दिवशी ते सहाव्याच्या कडेला, दोरीबाहेर, माझ्या शेजारी उभे होते. तोच पांढरा सदरा. चपला काढून त्यांनी बाजूला ठेवल्या होत्या. बरीच मंडळी जमली होती, कारण हे ग्रीन आज पहिल्यांदा उघडत होतं आणि हॉटेलवाल्यासकट सगळ्यांना त्याचं काय होतं ते बघायचं होतं. चाचांच्या कपाळावर घाम होता. ते चेंडूंकडे बघतच नव्हते, बुटांकडे बघत होते. कुणाच्या बुटाखालचं गवत उचकटतंय का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

क्लबचे एक वयस्क डॉक्टर खेळायला आले. त्यांचा चेंडू ग्रीनच्या पार या टोकाला होता आणि होल त्या टोकाला. त्यांनी वाकून अंदाज घेतला आणि काठीने चेंडू हलकेच ढकलला. तो सरळ निघाला, मध्यावर उताराने थोडा वळला, नव्याने लावलेल्या कोपऱ्याजवळून गेला, कुठेही न उडता, न अडखळता, आणि होलमध्ये पडला. क्षणभराने सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

चाचांनी मान वर केली. लोक ग्रीनकडे बघून टाळ्या वाजवताहेत हे त्यांना दिसलं. त्यांनी सदऱ्याची बाही सारखी केली, उजवा हात छातीवर ठेवला, आणि कुस्ती मारलेला पैलवान जसा मैदानाला सगळ्या बाजूंनी मान देतो तसे ते वळून वळून सगळ्यांना थोडे थोडे झुकले. डॉक्टरांचा हात कौतुक स्वीकारायला अर्धा वर गेला होता. त्यांनी चाचांना पाहिलं. मग त्यांनी काठी काखेत धरली आणि चाचांकडे तोंड करून तेही टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या थांबायला बराच वेळ लागला.

सगळं शांत झाल्यावर चाचा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "बाई, ह्येंच्यात टाळ्या रोज वाजवत्यात का वो?"

"नाही चाचा," मी म्हटलं. "आजच."

त्यांनी मान डोलावली. मग वाकून चपला उचलल्या, हातातच घेतल्या आणि ग्रीनच्या कडेकडेने चढ चढून एसटी गाठायला निघाले. कुपवाडला एक मशिन खोललेलं ठेवून आले होते.